जोडरस्ता कुठे संपतो?

१८ एप्रिल २०१४ रोजी सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता वाहतुकीला खुला झाला तेव्हा फीत कापायला कोणी नव्हते. लोकसभेची आचारसंहिता लागू होती, मुंबईचे मतदान सहा दिवसांवर आले होते, आणि अकरा वर्षे रखडलेल्या रस्त्याला आणखी मुहूर्ताची वाट पाहायला लावणे कोणालाच परवडणारे नव्हते. साडेसहा किलोमीटरच्या आसपास लांबी, २००३ साली सुरू झालेले काम, सुमारे ११५ कोटींवरून साडेचारशे कोटींवर गेलेला खर्च आणि कुर्ल्याला रेल्वेच्या रुळांवरून जाणारा, देशातला पहिला म्हणून गाजलेला दुमजली पूल. चालकांनी त्याचे स्वागत केले. करायलाच हवे होते. कुरकुर त्यानंतर सुरू झाली आणि ती आजतागायत थांबलेली नाही. रस्त्याचा पुढचा उन्नत टप्पा १० फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला, आणि वाकोल्याला पश्चिम द्रुतगती मार्गावरून वळण घेत जाणारा केबल-स्टेड पूल १४ ऑगस्ट २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. यावेळी फिती रीतसर कापल्या गेल्या, कुरकुरीचा मजकूर मात्र बदलला नाही: पूल झटक्यात पार होतो, अडकायला होते ते उतरताना.

अशा कुरकुरीकडे बघण्याची आपल्याकडे ठरलेली रीत आहे. मुंबईकराला काहीही द्या, तो नाक मुरडणारच, असे म्हणून अधिकारी पुढच्या प्रकल्पाच्या सादरीकरणाकडे वळतात. शहरी वाहतुकीचे अभ्यासक त्याच्या उलट्या बाजूने बोलतात: मोटारवाल्यांचे रडगाणे काय ऐकायचे, रस्ते त्यांच्यासाठीच तर बांधले जातात. दोन्ही बाजूंना तक्रार ऐकायची नाही, हे त्यांचे एकमत लक्षणीय आहे. वास्तविक नव्या रस्त्याबद्दल आपल्या हाती असलेला सर्वांत भरवशाचा पुरावा ही तक्रारच असते, कारण रोज त्याच वेळी त्याच वाटेने जाणारा रिक्षावाला, टेम्पोवाला किंवा बेस्ट बसचा चालक जे मोजत असतो ते दुसरे कोणी मोजत नाही. प्रकल्प अहवाल रस्त्याची लांबी मोजतो. चालक दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजतो. आणि तक्रारी नीट लावून पाहिल्या तर त्या रस्त्याच्या मधल्या भागाबद्दल फार थोड्या निघतात. जवळपास सगळ्या एकाच ठिकाणी बोट दाखवतात, ते म्हणजे रस्त्याचे टोक. जोडरस्ता कामी येतो की नाही हे टोकांवर ठरते, आणि मुंबईत या टोकांना कोणी वाली नाही. चालकांचे दुखणे खरे आहे. त्यावर ते जे औषध मागतात, म्हणजे आणखी एक पूल, ते मात्र बहुतेक वेळा दुखणे वाढवणारे असते.

पूर्व–पश्चिम जोडरस्ता मुंबईला इतका का हवासा वाटतो, हे आधी समजून घ्यायला हवे. शहर उत्तर–दक्षिण लांबट आहे आणि त्याची हाडे इंग्रजांच्या काळात बसली. मध्य रेल्वेचा पहिला मार्ग १८५३ चा, पश्चिमेचा त्यानंतर दशकभराने आला. वस्ती रुळांच्या कडेने वाढली, पुढे दोन्ही द्रुतगती मार्गही त्याच दिशेने धावू लागले. मध्ये विमानतळ, मिठी नदी, कालिन्याचे विद्यापीठ, कुर्ल्याचे रेल्वे यार्ड आणि त्यांच्या फटीफटींत दाटलेल्या वस्त्या. चेंबूरहून सांताक्रूझला जायचे तर एक वाट सायन–धारावीकडून, दुसरी अंधेरी–कुर्ला रस्त्याने; दोन्ही आधीच तुडुंब. अशा शहरात रूळ ओलांडून आडवा जाणारा कोणताही रस्ता उपकारच ठरतो, आणि सांताक्रूझ–चेंबूर रस्ता तसा ठरलाही. तो नसता तर आज काय झाले असते, हा प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर सरळ आहे: फार वाईट झाले असते. परंतु रस्ता हवा होता का, याबद्दल वाद नाहीच. वाद आहे तो काम कुठे पूर्ण झाले असे आपण समजतो, याबद्दल.

थोडा हिशेब मांडला तर मुद्दा उघड होतो. मध्ये अडथळा नसलेल्या रस्त्याच्या एका लेनमधून तासाला साधारण १८०० मोटारी जाऊ शकतात, असे वाहतूक अभियांत्रिकीत ढोबळमानाने धरतात. रिक्षा, दुचाकी, बस असा आपला सरमिसळ ताफा असला की आकडा हलतो, पण गणिताचा आकार तोच राहतो. तीन लेनच्या पुलावरून तासाला ५४०० मोटारी येत आहेत असे समजा. पूल संपल्यावर सिग्नल आहे. सिग्नलचे चक्र १२० सेकंदांचे आणि या दिशेला वाट्याला हिरवा दिवा येतो ४० सेकंद. म्हणजे तीनच लेन असतील तर तासाला १८०० मोटारी सुटणार, आणि पुलाने आणून सोडलेला सगळा लोंढा पोटात घ्यायचा तर सिग्नलपाशी नऊ लेन लागणार. त्या असत नाहीत. दहा मिनिटांत ९०० मोटारी येतात, ३०० सुटतात, ६०० मागे उरतात. प्रत्येकीला सात मीटर जागा धरली तरी तीन लेनमध्ये १४०० मीटरची रांग होते आणि ती उतारावरून मागे सरकत पुलावर चढते. मग पुलावरच्या ज्यांना त्या सिग्नलला जायचेच नाही, पुढच्या फाट्याने निघायचे आहे, तेही अडकतात. ही साधी बेरीज-वजाबाकी आहे, आणि ती न करता बांधलेला पूल म्हणजे मोरीचा पाइप मोठा करून तोंडाची जाळी तीच ठेवण्यासारखे आहे.

आता नकाशावर या. सांताक्रूझ–चेंबूर रस्त्याचे पूर्वेचे टोक अमर महालला पूर्व द्रुतगती मार्गाला भिडते. त्याच परिसरात, छेडानगरला, घाटकोपर–मानखुर्द रस्ता येतो आणि त्या रस्त्यावर २०१४ च्या जूनपासून दक्षिण मुंबईतून येणाऱ्या पूर्व मुक्त मार्गाची वाहतूकही उतरू लागली. अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने दोन मोठे प्रकल्प आपापली वाहतूक जवळपास एकाच ठिकाणी ओतू लागले. दोन्ही प्रकल्प मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) आराखड्यांतलेच होते, तेव्हा एका हाताला दुसऱ्याची खबर नव्हती असेही म्हणता येत नाही. छेडानगरला तीन नवे पूल बांधून तो चौक मोकळा करण्याचे काम २०२२ आणि २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने पुरे झाले, म्हणजे गाठ बसल्यानंतर आठ-नऊ वर्षांनी. मधल्या काळात, २०१७ च्या एप्रिलमध्ये, अमर महालच्या जुन्या उड्डाणपुलाच्या एका बाजूत दोष आढळून ती बंद करावी लागली आणि त्या परिसराचे हाल काही महिने आणखी वाढले. पश्चिमेचे टोक वाकोल्याचे. चेंबूरकडून आलेल्याला विमानतळाकडे, अंधेरीकडे वळायचे तर खालचे सिग्नल पार करावे लागत. ती अडचण दूर करण्यासाठी २०१६ मध्ये विस्ताराचे काम दिले गेले आणि त्याचा शेवटचा तुकडा ऑगस्ट २०२५ मध्ये हाती आला. २१५ मीटर लांबीचा, १०० मीटर त्रिज्येचे तीव्र वळण असलेला केबल-स्टेड पूल ही अभियांत्रिकीची कमाल आहे, त्यात वाद नाही. तथापि एक गोष्ट विसरू नये. हा पूल म्हणजे २०१४ च्या रस्त्याचे अपुरे राहिलेले टोक आहे. रस्ता 'पूर्ण' झाल्यावर तो पूर्ण व्हायला अकरा वर्षे लागली, म्हणजे मूळ बांधकामाला लागली तेवढीच.

आणि तरीही टोक संपले का? पूल द्रुतगती मार्गावर उत्तरेकडे उतरतो, आणि पश्चिम द्रुतगती मार्ग संध्याकाळी कसा असतो हे सांगायला नको. भरल्या प्रवाहात शिरणारी प्रत्येक नवी लेन आधीच्या लेनमधल्या गाड्यांना ब्रेक लावायला लावते. एकाला डावीकडून आत यायचे असते, दुसऱ्याला पुढच्या फाट्यासाठी डावीकडे बाहेर पडायचे असते आणि त्यांचे रस्ते शे-दोनशे मीटरमध्ये एकमेकांना कापतात. चालकांना हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. सिग्नल गेला, घुसाघुशी आली, एवढेच ते म्हणतील, आणि तेवढे पुरेसे आहे.

मुंबईचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास अशा सरकत्या गाठींचा आहे. वांद्रे–कुर्ला संकुल (बीकेसी) ते चुनाभट्टी हा कनेक्टर १० नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाला. बांधून तयार असूनही तो विधानसभा निवडणूक आणि सरकार स्थापनेच्या घोळात बंद राहिला होता, आणि आम्हीच तो खुला करतो असा इशारा विरोधकांनी दिल्यावर उघडला. तीन किलोमीटर आणि सुमारे अर्धा तास वाचेल असे सांगितले गेले. सायन आणि धारावी टळले, हे खरेच, पण १.६ किलोमीटरचा पूल उतरतो तो थेट बीकेसीच्या चौकांत, जिथे संध्याकाळी आधीच गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात. पूर्व मुक्त मार्गाचे दक्षिण टोक पी. डिमेलो रस्त्यावर उतरते. १६.८ किलोमीटरचा मार्ग वाऱ्यासारखा कापून आलेला चालक तिथे थबकतो, म्हणून ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह असा भुयारी मार्ग हाती घेतला गेला. त्याचा खर्च काही हजार कोटींचा आहे, मूळ मुक्त मार्गाच्या कैकपट. टोक दुरुस्त करण्यासाठी रस्त्यापेक्षा महाग रस्ता बांधावा लागतो, आणि त्या रस्त्यालाही टोक असतेच; ते मरीन ड्राइव्हला आहे.

हे असे का होते, याचे उत्तर अभियंत्यांच्या बुद्धीत शोधून सापडणार नाही. ते कामाच्या वाटणीत आहे. पूल बांधतो एमएमआरडीए. तो ज्या रस्त्यावर उतरतो तो महापालिकेचा. रुळांवरचा भाग रेल्वेचा, तिच्या मंजुरीशिवाय एक गर्डर हलत नाही. सिग्नलची यंत्रणा महापालिका बसवते, ती चालवतात वाहतूक पोलीस. बसथांबा बेस्टचा. द्रुतगती मार्ग तर आधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, मग एमएमआरडीएकडे आणि नोव्हेंबर २०२२ पासून महापालिकेकडे आले. कंत्राटदाराचे काम ज्या खांबाशी संपते तिथे प्रकल्प संपतो. पन्नास मीटरवरचा चौक कंत्राटात नसतो. या वाटणीचे सर्वांत बोलके उदाहरण अंधेरीत घडले. जुलै २०१८ मध्ये गोखले पुलाचा पदपथाकडचा भाग रुळांवर कोसळला, पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पूर्ण बंद झाला, नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी उघडली, आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तो जुळतच नाही हे जगाने पाहिले. रुळांवरची उंची रेल्वेच्या नव्या निकषांप्रमाणे वाढली होती. शेजारचा पूल होता तिथेच होता. दोहोंत दीड मीटरच्या आसपास अंतर. व्यंगचित्रकारांची आणि मोबाइलवरच्या विनोदवीरांची चंगळ झाली. पुढे व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून एका बाजूला १३९७ आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलला गेला आणि ४ जुलै २०२४ रोजी वाहने जाऊ लागली. दुरुस्ती उत्तम झाली. प्रश्न एवढाच की रेल्वेच्या कागदावर उंची वाढली तेव्हा पलीकडच्या पुलाचा कागद कोणाच्या टेबलावर होता? बहुतेक जोडरस्त्यांच्या टोकांवर अशीच दीड मीटरची दरी असते. ती काँक्रीटमध्ये दिसत नाही म्हणून तिच्यावर विनोद होत नाहीत.

तक्रारींमधला एक प्रकार या वाटणीतूनच जन्मतो आणि त्याला फार हलके समजले जाते: चुकलेला फाटा. दुमजली, तिमजली पुलांवर 'वरून की खालून' हा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो. चुकला तर परत फिरायला वाव नसतो, पुढचे टोक येईपर्यंत निमूट जावे लागते. दिशाफलक फाट्याच्या तोंडाशी असतो, तो हवा असतो अर्धा किलोमीटर आधी, आणि ती जागा अनेकदा दुसऱ्या यंत्रणेच्या रस्त्यावर येते. गूगल मॅप्सने भारतासाठी पुलावर चढायचे की नाही हे सांगणारी सोय जुलै २०२४ मध्ये आणली. परदेशी कंपनीला ही गरज कळली, फलक लावणाऱ्यांना कळायला हरकत नव्हती. गोंधळलेला चालक फाट्यावर गाडी हळू करतो, कधी चक्क थांबवतो, आणि मागचे सगळे त्याला शिव्या घालतात. त्यातल्या निम्म्या शिव्या फलकाच्या हक्काच्या आहेत.

टोकांच्या या आग्रहावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. रस्ता कितीही चांगला बांधा, तो भरणारच. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच मांडले होते की गर्दीच्या वेळी वेगवान मार्गावरची वाहतूक त्याच्या क्षमतेपर्यंत वाढतेच, कारण दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या वेळी किंवा दुसऱ्या साधनाने जाणारे तिकडे वळतात. मुंबईत वाहनांची संख्या ४५ लाखांच्या पुढे गेली आहे आणि रस्ते सुमारे दोन हजार किलोमीटर. टोके सुधारून काय होणार? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच टोकांचा आग्रह अधिक धरायला हवा. रस्ता भरणार हे ठाऊक असेल तर भरल्यावर तो कसा वागेल याचा विचार आधी करायला हवा. भरलेला पण हलता रस्ता वेगळा आणि भरलेला व तुंबलेला वेगळा. दोहोंतला फरक टोकावरच ठरतो. शिवाय या नियमाची धार 'आणखी एक पूल' मागणाऱ्यांवर येते. चालकांना इथे मी साथ देऊ शकत नाही. वाकोल्याचा सिग्नल नको म्हणून पूल, त्या पुलाच्या उतरणीवर कोंडी झाली की पुढच्या चौकावर पूल, ही मागणी दरवेळी मान्य होत राहिली तर एक दिवस सगळे शहर वरून जाईल आणि खाली उरतील खांब. सिग्नलच्या वेळा, डावीकडे वळायची वेगळी लेन, थांब्याची खाच, पादचाऱ्यांचा टप्पा अशा कामांना पुलाच्या खर्चाचा किरकोळ अंशही लागत नाही. त्यांचे उद्घाटन करता येत नाही, हे त्यांचे दुर्दैव.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. टोकावर कोंडी होते ती रिक्षा आडव्या उभ्या राहतात, बस थांबा सोडून थांबते, दुचाकी उलट्या येतात म्हणून, असे म्हटले जाते. होते, यात खोटे काही नाही. परंतु रिक्षा तिथेच का उभी राहते? कुर्ला स्थानकातून बीकेसीला जाणारी हजारो माणसे रोज शेअर रिक्षांवर अवलंबून आहेत. ती जिथे उतरतात तिथे रिक्षा थांबणार, आणि चौक आखताना ही माणसे गृहीतच धरली नसतील तर रिक्षा रस्त्यावरच थांबणार. उलटा येणारा दुचाकीस्वार कायदा मोडतो खरा, पण पुलाच्या उतरणीने त्याचे वळण बंद करून दीड-दोन किलोमीटरचा फेरा गळ्यात मारला असेल तर त्या नियमभंगाचा पाया आराखड्यातच घातला गेला. रोज शेकडो माणसे एकाच ठिकाणी एकच नियम मोडत असतील तर दंडाची पावती फाडण्याआधी त्या जागेचा नकाशा उघडून पाहावा.

तिसरा आक्षेप अधिक नैतिक आहे. बहुसंख्य मुंबईकर लोकल, बस आणि पायी जातात. मोटारवाल्यांच्या वैतागाची एवढी काळजी कशाला? एक तर टोकावरच्या रांगेत बेस्टची बसही उभी असते, रुग्णवाहिकाही, आणि दिवसाच्या फेऱ्यांवर ज्याचे पोट आहे तो रिक्षावालाही. दुसरे, पायी चालणाऱ्याचे सर्वांत मोठे हाल त्याच टोकावर होतात. चालकांसाठी हिरवा दिवा वाढवला की त्याचा लाल दिवा वाढतो. पूल उतरतो तिथे पदपथ संपतो. चालकाची कोंडी आणि पादचाऱ्याची अडवणूक एकाच अर्धवट चौकातून निघतात. तिसरे, या रस्त्यांची किंमत ज्यांनी चुकवली ते बहुतांशी मोटारवाले नव्हतेच. सांताक्रूझ–चेंबूर रस्ता ज्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा भाग होता, त्यात सुमारे एक लाख वीस हजार माणसांना जागा सोडावी लागणार होती. कुर्ल्याच्या दुकानदारांसह अनेकांनी केलेल्या तक्रारींची जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाने दखल घेतली आणि पुनर्वसनातल्या त्रुटींमुळे बँकेने मार्च २००६ मध्ये काही महिने पैसे थांबवले. रस्ता रखडण्यामागे हेही एक कारण होते. पण एवढ्या लोकांची घरे-दुकाने हलवून रस्ता काढायचा आणि त्याने वाचवलेला वेळ टोकावरच्या रांगेत घालवायचा, हा त्या माणसांशी केलेला दुहेरी अन्याय आहे.

यावर यंत्रणा म्हणतील, सगळ्यांना एका टेबलाशी बसवणे सोपे नसते. नसेल. निदान मोजणे तरी सोपे आहे. रस्ता उघडण्याआधी आणि उघडल्यानंतर सहा महिन्यांनी, दोन्ही टोकांच्या पलीकडच्या दोन-तीन चौकांपर्यंत, गर्दीच्या वेळी लागणारा वेळ मोजायचा आणि जाहीर करायचा. सिग्नलच्या कॅमेऱ्यांतून आणि बसच्या जीपीएसमधून ही माहिती अशीही जमा होतेच. बेस्टची बस पूर्वी किती मिनिटांत जात होती आणि आता किती, एवढा एक आकडा निघाला तरी पुष्कळ वाद मिटतील. कंत्राटाची शेवटची रक्कम या मोजणीनंतर द्यायची आणि टोकांवरचे दुरुस्तीचे काम मूळ अंदाजपत्रकातच धरायचे, हे पुढचे पाऊल. ते उचलायला नवा कायदा लागत नाही.

ही मोजणी करायची वेळ आत्ताच आहे, कारण पुढचा मोठा जोडरस्ता आकाराला येतो आहे. गोरेगाव–मुलुंड रस्ता १२.२ किलोमीटरचा, त्यात राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे. महापालिका सांगते, ७५ मिनिटांचा प्रवास २५ मिनिटांवर येईल. ही पंचवीस मिनिटे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे विचारायला हवे. पश्चिमेला दिंडोशीपाशी द्रुतगती मार्ग आहे, चित्रनगरीकडे जाणारी वाहतूक आहे, मालाड–गोरेगावकडची गर्दी आहे. पूर्वेला मुलुंडजवळ ऐरोली नाक्यावर पूर्व द्रुतगती मार्गाला ठाण्याकडून आणि खाडीपुलावरून नवी मुंबईकडून येणारी वाहतूक मिळते. बोगदा खोदणारी यंत्रे एकदा आत गेली की मार्ग बदलता येणार नाही, चौक मात्र अजून बदलता येतील. दिंडोशी आणि ऐरोली नाका या दोन ठिकाणी आज संध्याकाळी सात वाजता तासाला किती वाहने सुटतात, आणि बोगदा आणखी किती आणून सोडणार आहे, हे दोन आकडे महापालिकेने शेजारी-शेजारी छापावेत. ते छापले जाईपर्यंत त्या पंचवीस मिनिटांवर मुलुंडच्या रिक्षावाल्याने विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा कोणी करू नये.